दिवे तर लागताहेत

मामांचा ऑर्गन बंद पडला असं म्हणता येत नव्हतं, कारण दिवे सगळे लागत होते. बटण दाबलं की समोरचा बोटभर पडदा निळा उजळायचा, त्यावर कंपनीचं नाव उमटून जायचं, लाल-हिरव्या ठिपक्यांची रांग एकदा लुकलुकायची आणि वाद्य अगदी तयारीत बसायचं. मामा काळी एकवर बोट ठेवायचे. 'टक्' असा पट्टीचा आवाज यायचा. सूर नाही. शेजारची पट्टी, टक्. वरचं सप्तक, टक् टक् टक्.

"लाइट गेले असते तर परवडलं असतं," मामा म्हणाले. "निदान सगळ्या पेठेचे गेले असते."

मामा सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि आयुष्यभर ऑर्गन वाजवला. यातलं घर कशावर चाललं ते सांगायला नको, पण 'आपण काय करता?' असं कोणी विचारलं की ते नेहमी दुसरंच उत्तर द्यायचे. हौशी संगीत मंडळ्यांची नाटकं, राज्य नाट्य स्पर्धा, गणेशोत्सवातले नाट्यगीतांचे कार्यक्रम, जिथे बोलावतील तिथे मामा साथीला. 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर' ही नाटकं त्यांना तोंडपाठ नाहीत, बोटपाठ आहेत. पद कुठलं ते आठवायला त्यांना आधी हात हवेत धरावे लागतात.

मराठी रंगभूमीवर ऑर्गन म्हणजे पायपेटी. हातपेटीत एक हात भात्याला जातो आणि वाजवायला एकच उरतो. पायपेटीत भाता पायांशी गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले. शिवाय हातपेटीतली हवा सुरांतून बाहेर ढकलली जाते आणि या अमेरिकी धाटणीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. त्याच्या गोल, मऊ आवाजाचं श्रेय जाणकार या ओढून घेण्याला देतात. गायक नटाने कितीही लांब तान मारली तरी खाली न तुटणारा सूर हजर पाहिजे, ही या वाद्याची नोकरी. बालगंधर्वांच्या मंडळीत अहमदजान थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असे. ही तीन नावं घेताना मामा चष्मा काढून हातात धरतात.

पायपेटी हे गुडघ्यांचं वाद्य आहे, हे तरुणपणी लक्षात येत नाही. सत्तरीनंतर डॉक्टरांनी जिने, मांडी आणि भाता या तिन्ही गोष्टी बंद केल्या. जिन्यांचं मामांनी ऐकलं नाही, मांडीचं थोडं ऐकलं, भात्याचं मात्र गुडघ्यांनीच ऐकायला लावलं. पायपेटी एका नाट्यमंडळाला दिली गेली. ती टेम्पोत चढवताना मामा आतल्या खोलीत जुन्या पावत्या शोधत बसले होते. कसल्या पावत्या, ते अजून कोणाला कळलेलं नाही. पुढे बंगळुरूच्या मुलाने हा डिजिटल ऑर्गन आणून दिला. दोन मजली पट्ट्या, खाली पायांनी दाबायच्या लाकडी पट्ट्यांची रांग, आवाज कमी-जास्त करायला एक पेडल आणि भाता कुठेच नाही.

याच्या बटणांवर 'सोळा फूट', 'आठ फूट', 'चार फूट' असं लिहिलेलं आहे. मामींनी पहिल्या दिवशी ते वाचलं आणि खोलीकडे पाहिलं. खोली दहा बाय बारा. मग मामांनी त्यांना समजावलं की ही लांबी चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांची. अगदी खालच्या पट्टीचा स्वर काढायला लागणारी उघडी नळी साधारण आठ फुटांची असते. ती दुप्पट केली तर स्वर एक सप्तक खाली जातो, निम्मी केली तर एक सप्तक वर. आपले पेटीवाले खर्ज, नर, मादी म्हणतात, ते लोक फुटांत मोजतात, इतकंच. डिजिटल ऑर्गनमध्ये नळी नाही आणि फूटही नाहीत, आवाज सगळे आकड्यांच्या रूपाने एका चिपमध्ये साठवलेले. पण नावं जुनीच ठेवली आहेत. वाडा पाडून बांधलेल्या इमारतीला 'वाडा अपार्टमेंट' म्हणतात तसं.

तर असा हा वाडा एके सकाळी मुका झाला. श्रावण चालू होता, पंधरा ऑगस्टची जोडून आलेली सुट्टी नुकतीच संपली होती, आणि बंगळुरूची मंडळी आदल्याच रात्रीच्या गाडीने परत गेली होती. नातू लॅपटॉप घेऊन आला होता आणि दोन दिवस ऑर्गनपाशी बसून होता. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. कोणी काढत मात्र नव्हतं.

पहिलं निदान मामींचं. "हवा दमट आहे. पापडसुद्धा सादळलेत." पायपेटीच्या बाबतीत हे निदान शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. पावसाळ्यात तिच्या पट्ट्या फुगून अडकायच्या. एखादी खाली गेली की वर येईना, आणि मग नायिकेचं करुण पद चालू असताना एक पंचम आपला एकटाच मागे रेंगाळत राहायचा. भात्याच्या कापडाला उंदीर लागायचे. सुराच्या पितळी जिभेखाली धुळीचा कण अडकला की तो सूर घोगरा व्हायचा, मग पट्टी काढून, कागदाची पातळ चिठी त्या जिभेखालून अलगद ओढली की कण निघून यायचा. मामांच्या पाकिटात नोटांबरोबर अशा चिठ्या असायच्या, बहुतेक एस.टी.च्या जुन्या तिकिटांच्या. पायपेटी कधी गप्प बसली नाही. आजारी असली की जास्तच बोलायची, शिट्टी मारायची, कण्हायची, धापा टाकायची, आणि त्यावरून कुठे दुखतंय ते कळायचं. या नव्या वाद्याला आजारपणच माहीत नाही. एक तर ठणठणीत, नाहीतर गप्प.

दुसरं निदान शेजारच्या काकांचं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर. शर्टाच्या खिशात टेस्टर असतोच. प्लगमध्ये तो खुपसून, त्यातला लाल दिवा आम्हा सर्वांना आळीपाळीने दाखवून त्यांनी जाहीर केलं, "सप्लाय येतोय." ते पडद्याच्या निळ्या उजेडावरून आम्हालाही कळत होतं, पण टेस्टर लावून कळलेल्या गोष्टीला वजन वेगळंच असतं.

काकांच्या मनात ऑर्गन हे मूळचं त्यांच्याच खात्यातलं वाद्य आहे, आणि याला मीच थोडा कारणीभूत आहे. मी त्यांना एकदा हॅमंड ऑर्गनची गोष्ट सांगितली होती. लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकेतला विजेच्या घड्याळांचा कारखानदार. विजेच्या स्पंदनांशी पाऊल जुळवून फिरणारी मोटर त्याने घड्याळासाठी केली होती. तीच मोटर वापरून, चुंबकांपुढे दातेरी चकत्या फिरवून त्याने १९३५ साली ऑर्गन बाजारात आणला. सूर खरा राहायचा तो वीज कंपनी स्पंदनं नीट राखायची म्हणून. ती ढळली की ऑर्गन बेसूर! गंमत म्हणजे हॅमंडला स्वतःला ऑर्गन वाजवता येत नव्हता. पुढे तिथल्या व्यापार आयोगाने तक्रार केली की या यंत्राला नळ्यांच्या ऑर्गनच्या तोडीचं म्हणणं ही गिऱ्हाइकांची फसवणूक आहे. मग शिकागो विद्यापीठाच्या चर्चमध्ये खरा ऑर्गन आणि हॅमंडचा ऑर्गन ऐकणाऱ्यांच्या नजरेआड वाजवून परीक्षा झाली. जाणकारही पुष्कळदा चुकले. 'तोडीचं' म्हणणं बंद करायला लागलं, 'ऑर्गन' हे नाव मात्र राहिलं. काकांना यातली परीक्षा आठवत नाही, फक्त वीज कंपनी आठवते. "म्हणजे यांचा सा आमच्या हातात!" असं ते तेव्हापासून मामांना जिन्यात भेटले की म्हणतात.

टेस्टरने भागलं नाही तेव्हा माहितीपुस्तिका काढली. पुस्तिका जाडजूड. शेवटी 'अडचणी आणि उपाय' असं पान असतं, तसं याही पुस्तिकेत होतं. अडचण: आवाज येत नाही. उपाय पहिला: वाद्य चालू केलं आहे का पाहा. मामांनी पुस्तिका मिटली. पन्नास वर्षं साथ केलेल्या माणसाला हा प्रश्न! काकांनी ती परत उघडली. दुसरा: आवाजाची खुंटी शून्यावर आहे का. नव्हती. तिसरा: पायाचं पेडल वर उचललेलं आहे का. तेही दाबून, सोडून, पुसून झालं. चौथा: हेडफोन जोडलेले आहेत का. जोडलेले नव्हते, पण इथे काका खुलले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं इथलं विवेचन ऐकण्यासारखं होतं.

हेडफोनच्या भोकात एक लवचीक पत्र्याची पट्टी असते. भोक रिकामं असेल तेव्हा ती दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते आणि आवाज स्पीकरकडे जातो. प्लग आत शिरला की तो या पट्टीला बाजूला सारतो, टेकणं सुटतं, स्पीकर बंद. वर्षानुवर्षांनी पट्टीची लवच गेली किंवा तिच्यावर गंज धरला, तर प्लग काढला तरी ती जागेवर येत नाही. मग भोक रिकामं, आणि तरीही वाद्य समजतं की कोणीतरी कानाला लावून एकट्यानेच ऐकतंय. उपाय अगदी घरगुती, प्लग पाच-दहा वेळा आतबाहेर करायचा, घासून गंज निघतो. काकांनी तो केला. मग हेडफोन स्वतःच्या कानाला लावून मामांना म्हणाले, "वाजवा." मामांनी वाजवलं. काका डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मामा उत्सुकतेने म्हणाले, "येतंय?" काका म्हणाले, "नाही." डोळे का मिटले होते ते काही त्यांनी सांगितलं नाही.

पाचवी ओळ बारीक टायपातली होती, तिच्यात दोन अनोळखी शब्द होते. काकांनी ती मनातल्या मनात वाचली आणि "हे स्टुडिओवाल्यांसाठी आहे, आपल्याला लागू नाही," असा निकाल दिला. सहाव्या ओळीत विक्रेत्याशी संपर्क साधावा असं होतं. विक्रेत्याचा फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. त्याच्याकडे निदान रिंग तरी ऐकू येते, असं मामा म्हणाले.

मेकॅनिक मिळणं सोपं नव्हतं. गणपती तोंडावर आलेले. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, जिथे एरवी फ्यूजपासून फुगलेल्या कॅपॅसिटरच्या बदलीपर्यंत काहीही मिळतं आणि ते बसवणारा माणूसही मिळतो, तिथे त्या दिवसांत प्रत्येकाच्या टेबलावर कुठल्या ना कुठल्या मंडळाचा अॅम्प्लिफायर पोट उघडून पडलेला असतो. "काका, चतुर्थी होऊ द्या," हे एकच उत्तर. शेवटी एका मुलाने कबूल केलं की रात्री दुकान मिटल्यावर कधीतरी येऊन जाईन. कधीतरी म्हणजे कधी, हे पुण्यात विचारायचं नसतं.

मधल्या दिवसांत मामांचं मन रमवायला मी त्यांना यामाहाची गोष्ट सांगितली. ती त्यांना इतकी आवडली की पुढे त्यांनी ती मलाच दोनदा सांगितली. जपानमधल्या हामामात्सू गावातल्या शाळेत एक परदेशी पायपेटी होती. १८८७ साली ती बिघडली. गावात पेटी दुरुस्त करणारं कोण असणार? तोराकुसू यामाहा नावाचा एक माणूस तिथे वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करत असे, त्याला बोलावलं. त्याने पेटी उघडली, आतल्या स्प्रिंगा तुटलेल्या दिसल्या, त्या दुरुस्त केल्या. दुसरा कोणी असता तर मजुरी घेऊन घरी गेला असता. याने आतली रचना उतरवून घेतली आणि स्वतःच एक पेटी बनवली. ती तपासून घ्यायला तो आणि त्याचा साथीदार ती खांद्यावरून हाकोनेचा घाट चढून तोकियोला घेऊन गेले. तिथल्या संगीतशाळेने सांगितलं, सुतारकाम छान आहे, सूर बरोबर नाहीत. मग हा गृहस्थ तिथेच राहून सुरांचं शास्त्र शिकला, आणि परत येऊन दुसरी पेटी केली. आज जगभर वाद्यं विकणारी कंपनी त्यातून उभी राहिली. तिच्या चिन्हातले ते तीन काटे म्हणजे सूर जुळवायचे तीन चिमटे आहेत, हे मोटरसायकलवाल्यांना सहसा माहीत नसतं.

"म्हणजे पेटी बंद पडली नसती तर काहीच झालं नसतं," मामा म्हणाले, आणि आपल्या ऑर्गनकडे जरा आदराने पाहू लागले. पेटी घाटातून वाहून नेण्याचा भाग त्यांना सगळ्यात जवळचा वाटला. एस.टी.च्या टपावर दोरांनी बांधलेली पायपेटी, मागच्या सीटवर बसून सगळ्या प्रवासात वरचा आवाज ऐकत राहिलेले मामा, आणि प्रयोगाच्या गावी पोचल्यावर दोर सोडायच्या आधी वर चढून एक पट्टी दाबून पाहणं, हे त्यांनीही केलेलं आहे. खंबाटकीच्या घाटात पेटी हलली की पोटात हलायचं, असं म्हणतात.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत घडली, ती मामींनी हेरली. रियाज मामांनी सोडला नव्हता. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ते मुक्या ऑर्गनपुढे बसायचे, बटण दाबायचे, निळा पडदा उजळायचा, आणि बोटं चालू व्हायची. टक् टक् टकटक टक्. पण नुसतं टकटक ऐकून पदाला पुढे जाता येईना, म्हणून ते गुणगुणायला लागले. आधी ओठ मिटून. मग नुसत्या आकारात. मग शब्दांसकट. मामी भाजी निवडत होत्या, त्या हात थांबवून ऐकत राहिल्या. त्यांच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, मामांचा गाता आवाज त्यांनी ऐकला नव्हता. आवाज काही ग्रेट नाही. वरच्या षड्जावर दमतो, खाली खरखरतो. पण बोटांनी जी पदं हजारदा वाजवली ती गळ्यातून येताना प्रत्येक वळण माहीत असल्यासारखी येत होती, आणि जागा घेण्याआधीचा तो किंचित थांबा, जो ऑर्गनवर आम्हाला कधी कळला नव्हता, तो गाण्यात स्वच्छ दिसत होता. मी गेलो की ते गप्प व्हायचे. "साथीदाराने गायचं नसतं," असं एकदा बजावून सांगितलं. रंगभूमीचा जुना दंडक आहे म्हणे. गाणारा पुढे, वाजवणारा खाली. खालच्याने तोंड उघडलं की वरच्याचा अपमान.

मेकॅनिक आला तो रात्री साडेनऊला. पंचविशीतला मुलगा, कपाळावर अष्टगंध, पाठीवर सॅक, बोटांच्या टोकांना सोल्डरिंगचे काळे चटके. शेजारचे काका टेस्टर घेऊन हजर झालेच. मामींनी जुन्या चादरीवर वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं, वाद्य उघडलं की स्क्रू हरवू नयेत म्हणून. मुलाने सॅक उघडलीच नाही. दोन पट्ट्या दाबल्या, टक् टक्. पडद्याजवळची बटणं वाचली. आणि कोणी कधी हात न लावलेलं, कडेचं एक बटण दाबलं.

खोलीत एकदम मोठं चर्च उभं राहिलं. पायांखालच्या फरशीपर्यंत घुमणारा खर्ज, वर तुताऱ्या, मध्ये भरगच्च स्वरांचा लोट. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. मामी हात पुसत बाहेर आल्या. काकांनी टेस्टर खिशात ठेवला. कंपनीने विक्रीसाठी आत भरून दिलेलं ते नमुन्याचं संगीत होतं, आणि वाद्य ते कोणाचं बोट न लागता, मोठ्या झोकात, स्वतःचं स्वतः वाजवत होतं. मामांनी घाईने वरच्या पट्ट्यांवर दोन्ही हात ठेवले. त्यांचं तेवढंच, टकटक.

मुलाने ते बंद केलं आणि म्हणाला, "आवाज गेला नाही, काका. तुमचं ऐकत नाहीये." मग जरा थांबून, "कोणी लॅपटॉप लावला होता का?"

आता मात्र बंगळुरूचं नाव निघालंच.

नातवाने काही वाईट केलं नव्हतं. आजोबांच्या साथी साठवून ठेवाव्यात म्हणून त्याने ऑर्गन लॅपटॉपला जोडला होता. असं जोडलं की पट्टीचा निरोप लॅपटॉपकडे जातो आणि तिथून फिरून परत वाद्याकडे येतो; वाद्य स्वतःही वाजतं, आलेल्या निरोपावरही वाजतं, आणि प्रत्येक सूर दुहेरी ऐकू येतो. ते टाळायला एक सोय असते, 'लोकल कंट्रोल'. ती बंद केली की वाद्याच्या पट्ट्यांचं आणि वाद्याच्याच गळ्याचं नातं तुटतं. पट्ट्या बाहेरच्यांशी बोलतात, गळा बाहेरच्यांचं ऐकतो, एकमेकांशी मात्र बोलत नाहीत. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं १९८३ पासून ज्या मिडी नावाच्या भाषेत एकमेकांशी बोलतात, तिच्यात या हुकमाला १२२ हा क्रमांक आहे. पुष्कळ वाद्यं बंद करून चालू केली की हे विसरतात. मामांच्या वाद्यात शेवटची मांडणी जपून ठेवायची सोय होती, त्यामुळे ते विसरलं नव्हतं. पुस्तिकेतली पाचवी ओळ हीच होती. काकांनी तिच्याकडे पाहणं टाळलं.

मला त्या मुलाचं वाक्य पटलं ते वेगळ्याच कारणाने. आम्ही सगळे इतके दिवस काय मोडलं ते शोधत होतो, आणि मोडलं काहीच नव्हतं. हेडफोनचं भोक घ्या, पेडल घ्या, हे लोकल कंट्रोल घ्या. या वाद्याची बहुतेक मुकी दुखणी म्हणजे त्याने कोणाचा तरी हुकूम इमानाने पाळलेला असतो. पायपेटीला हे जमलं नसतं. तिची पट्टी दाबली की मागची झडप उघडणार, हवा सुरातून जाणार आणि सूर वाजणार, मध्ये हुकूम घालायला जागाच नाही. अर्थात हुकूम वाद्याच्या बाहेरूनही घालता येतो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली, पक्क्या बसवलेल्या सुरांमुळे तिच्यात श्रुती आणि मींड येत नाही म्हणून, आणि ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. त्या सगळ्या वर्षांत घराघरांतल्या पेट्या ठणठणीत होत्या, घरी आणि नाटकात वाजत होत्या, आणि रेडिओवर गप्प होत्या. आक्षेपात तथ्य नव्हतं असं नाही, मींड पेटीत येत नाही हे पेटीवालेही जाणतात. पण तो सगळा काळ गाणाऱ्याच्या मागे तोल सांभाळत बसलेल्या माणसांचं काय, हे बहुधा कोणी विचारलं नसावं. गमतीचा योगायोग असा की, अमेरिकेत अॅलन कंपनीने आकड्यांतून आवाज काढणारा पहिला डिजिटल ऑर्गन विकायला काढला तोही १९७१ सालीच.

चहा पिताना त्या मुलाने वसईकडच्या एका घरातली हकीकत सांगितली. तिथला जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन असाच मुका झाला होता. घरच्यांनी तो भंगारात काढायचं ठरवलं होतं. याने पायाचं पेडल उघडलं. त्या काळच्या काही ऑर्गनमध्ये पेडलच्या आत एक छोटा दिवा असतो आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक भाग. पेडल दाबलं की मधला पडदा सरकतो, जास्त उजेड पडतो, आवाज वाढतो. तो दिवा गेला होता. उजेड नाही म्हणून आवाज नाही. "बल्ब घातला, झालं," मुलगा म्हणाला. "ते लोक रडायला लागले, मला काही सुचेना." काका म्हणाले, "म्हणजे सप्लायचाच प्रश्न!" त्यांना फार बरं वाटलं.

मुलाने पडद्यावर पाच-सहा दारं उघडत जाऊन ते नाव शोधलं, 'ऑफ'चं 'ऑन' केलं आणि बाजूला झाला. मामा बसले. उजवा हात पट्ट्यांवर नेला, क्षणभर थांबले आणि पद सुरू केलं. सूर आला, भरपूर आला. मामांनी चार ओळी वाजवल्या आणि मान हलवली. "आवाज बरा आहे. श्वास नाही." त्यावरून आम्ही ओळखलं की सगळं पूर्ववत झालं आहे.

मुलगा पैसे घेईना, काही उघडलंच नाही म्हणून. मामा ऐकेनात, रात्री जिने चढून आलास म्हणून. शेवटी येण्याजाण्याचे म्हणून थोडे घेतले, आणि जाताना मामांना पुन्हा अडचण नको म्हणून एका पांढऱ्या चिकटपट्टीवर कुठलं बटण दाबून कुठे जायचं आणि 'ऑन' कसं करायचं ते क्रमाने लिहू लागला.

"बंद कसं करायचं तेही लिहा," मामी म्हणाल्या.

मामांचे हात पट्ट्यांवरच थांबले. "म्हणजे? तुला त्रास होतो?"

"तसं नाही. बंद असलं की तुम्ही गाता."

"मी गात नव्हतो. सूर धरून होतो नुसता."

"लिहा हो तुम्ही," मामी मुलाला म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिहा."